वर भिलाई, खाली दुर्ग

मला बघायला आले तेव्हा माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी माझ्या वडिलांना विचारलं, "ही नाली उघडीच राहते का इथं?"

आमचं घर दुर्गच्या मोहन नगरात. घरासमोरची नाली तेव्हाही उघडीच होती. बाबा रेल्वेत गार्ड होते. त्यांचे वडील नागपूरकडून याच लाईनवर नोकरीला आले आणि दुर्गचेच होऊन गेले. पोह्यांची बशी पाहुण्यांपुढे सरकवत बाबा म्हणाले, "राहते ना. गाव म्हटलं का नाली राहणारच. तुमच्या भिलाईचं काय, कंपनीनं नकाशा काढला अन् त्यात माणसं बसवली."

"बसवली तर नीट बसवली," सासरे म्हणाले.

एवढ्यावरून लग्न मोडेल असं आईला वाटलं. मोडलं नाही. उलट दोघांना आयुष्यभर पुरेल असा विषय मिळाला. सासरे शेजारच्या भिलाईच्या पोलाद कारखान्यात, म्हणजे प्लांटच्या रेल मिलमध्ये होते, तिथे रूळ तयार होतात. प्रत्येक सणावाराला ते बाबांना म्हणायचे, "आमी रूळ केले म्हणून तुमची गाडी धावली." बाबा म्हणायचे, "रूळ जागेवर पडून राहते, व्याहीबुवा. चालते ते गाडी." मग भिलाईचे रुंद रस्ते निघायचे, तिथली शाळा, दवाखाना, रांगेतली झाडं. त्यावर बाबांचं ठरलेलं उत्तर असे: मुंबईचा माणूस भिलाईला यायला निघाला तरी सामान घेऊन दुर्गलाच उतरतो.

लग्नानंतर मी भिलाईला, प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये राहायला गेले. पहिल्याच आठवड्यात भाजी घेऊन येताना माझं घर मला सापडेना. सगळी क्वार्टर एकसारखी, तोच पिवळा रंग, तीच फाटकं. दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगणात शिरून मी चपला काढल्या. आतून एक बंगाली बाई आल्या, हसल्या, आणि मला हाताला धरून घरी पोचवून गेल्या. दुर्गात असं कधी झालं नसतं. तिथे मी डोळे मिटून चालले असते तरी चार जणांनी विचारलं असतं, कुठे जाऊन राहिली बाई? पण दुर्गला आले की तेच चार जण मला नकोसे व्हायचे. माहेरी बसून मी भिलाईच्या मोकळ्या हवेचं कौतुक करायची आणि भिलाईत परतले की दुर्गच्या बाजाराचं. कुठेही गेले तरी दोन दिवसांनी पिशवी भरायला घ्यायची. नवरा म्हणायचा, "तुले पाय आहेत का चाकं?" तो स्वतः रायपूरला नोकरीला, रोज लोकलनं अपडाऊन करणारा. त्याला कुठलंही गाव खिडकीतूनच दिसायचं.

सासूबाई गेल्या त्यानंतर काही वर्षांनी सासरे रिटायर झाले. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो. क्वार्टर प्लांटचं, ते सोडायचं होतं. ज्यांना पुढचं सुचलं त्यांनी आधीच कुठेतरी घर बांधून ठेवलं होतं. मामाजींनी नाही. कोणी विषय काढला की ते म्हणायचे, "भिलाई आपलीच आहे, इथं घर कायले घ्यायचं?" मुदत वाढवून मिळाली, तीही संपत आली, तेव्हा ते घरभर फिरू लागले. या खोलीतून त्या खोलीत, मग अंगणात, मग पुन्हा आत. एखादी कडी सैल दिसली की पेचकस आणून घट्ट करायचे. सोडायच्या घराची कडी.

शेवटी बाबांनीच फोन केला. "वरचा मजला रिकामा पडून आहे. या."

"दुर्गले?" मामाजी म्हणाले. दोन दिवस पेचकस घेऊन फिरले. मग मला म्हणाले, "चार महिन्यांसाठी चाललो, बेटा. मोहल्ल्यात तसं सांगून ठेव."

अशी मी सासऱ्यांना घेऊन माहेरी राहायला गेले. नवरा आता दुर्गहून लोकल पकडायचा. वर सून, खाली लेक. जिना चढताना पदर सावरायचा आणि उतरताना विसरायचा. खाली आई म्हणायची, जरा पड, आराम कर. तेवढ्यात वरून हाक यायची, चहा झाला का? शेजारणी विचारायच्या, "सासरेबुवा इथंच राह्यतेत का आता?" मी म्हणायची, चार महिने. माझ्या दोन ट्रंका मी उघडल्याच नाहीत. दुपारी गच्चीवर जायची, उगाच वाळलेले कपडे चाचपायची, परत यायची.

मामाजी दुर्गात झोपायचे तेवढेच. सकाळी स्कूटर काढून भिलाईला. भाजी तिकडची, दाढी तिकडे, बँक तिकडे. बाबा ओट्यावर बसून ते बघायचे आणि चालवून घ्यायचे. पण एके दिवशी मामाजी स्कूटरवर पायाशी पाण्याची मोठी कॅन ठेवून आले. दुसऱ्या दिवशीही. मग रोजच. आमच्या नळाचं पाणी भांड्यांना आणि कपड्यांना. प्यायला भिलाईचं.

बाबांनी आठवडाभर सहन केलं. मग जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले.

"व्याहीबुवा, आमच्या घरी साप निघाला का पाण्यात?"

"नाई हो. सवय आहे तिकडच्या पाण्याची."

"माझ्या बापापासून आमी शिवनाथ नदीचं पाणी पिऊन राहिलो. कोणी मेलं नाई. पोरगी याच पाण्यावर वाढली, ते चालली तुमाले."

मामाजी मान खाली घालून कॅन उचलून वर गेले. बाबांनी त्या दिवसापासून वर येणं बंद केलं. आईनं पाटवड्यांचा रस्सा केला तर वाटी माझ्या हातून वर जायची आणि रिकामी माझ्याच हातून खाली. दोन म्हाताऱ्यांमध्ये बोलणं नाही, आणि मध्ये मी, दिवसभर जिना चढत-उतरत. मला दोघांचाही राग यायचा. मामाजींचा जास्त. ज्याच्या छताखाली राहतो त्याचं पाणी नाकारायचं, हे मला माझ्याच तोंडावर मारल्यासारखं वाटलं.

एका सकाळी ते निघाले तशी मी माझी स्कूटी काढली. कॅन कुठून भरतात ते पाहायचं आणि तिथंच काय ते बोलायचं, असं ठरवून. मोठ्या रोडनं ते सावकाश गेले, नेहरू नगरच्या चौकातून वळले, आणि थेट आमच्या जुन्या क्वार्टरच्या फाटकाशी थांबले. तिथे आता दुसरं कुटुंब होतं. एक तरुण बाई बाहेर आली, तिनं फाटक उघडलं. मामाजींनी कॅन नळाजवळ ठेवली, पण भरली नाही. आधी पाईप ओढून नेला आणि कोपऱ्यातल्या सीताफळाच्या झाडाला पाणी घालायला लागले. ते झाड सासूबाईंनी लावलं होतं. आळं त्यांनी हातानं नीट केलं, वाळकी पानं वेचून एका बाजूला ठेवली, फांद्या वाकवून फळं किती धरली ते पाहिलं. मग खाली वाकून कॅन भरली.

मी रस्त्यावर उभी होते. त्या बाईनं मला ओळखलं नाही, पण कुणीतरी घरचीच असणार हे ताडलं. हळूच म्हणाली, "अंकलजी रोज आते हैं. मैं कहती हूँ ऐसे ही आ जाया करो. पर कैन ज़रूर लाते हैं."

मामाजींनी मला पाहिलं. चोरी पकडल्यासारखे थांबले नाहीत, पाईप गुंडाळला, जागेवर ठेवला, बाहेर आले.

"कॅन हाती असली का फाटकात उभं राहायले लाज नाई वाटत," ते म्हणाले. "रिकाम्या हातानं कायले आला म्हणतील."

जे बोलायला आले होते ते मी सोडलं आणि स्कूटी वळवली. परतताना ते पुढे, मी मागे.

जेवताना मी आईबाबांना सांगितलं. बाबांनी घास तसाच धरून ठेवला. "मग आधी सांगतलं असतं. मले वाटलं आमच्या पाण्याले नाव ठेवून राहिले." दुसऱ्या दिवशी मामाजी स्कूटर काढताना बाबा पायात चपला घालून उभे. "मीही येतो." आणि मागच्या सीटवर बसले. सेक्टरच्या आत बाबा किती वर्षांनी गेले असतील, त्यांनाही आठवत नव्हतं.

ते परत आले तेव्हा बाबा मोहल्ल्याला काहीतरी ऐकवतील असं मला वाटलं. शेजारच्यांनी विचारलंही, "काय म्हणते भिलाई?" बाबा म्हणाले, "ठीक आहे." मला मात्र त्यांनी हळू आवाजात सांगितलं. त्या गल्लीत कितीतरी क्वार्टर रिकामी होती. दारं-खिडक्या कुणी काढून नेलेली, अंगणात कमरेइतकं गवत. "हे एकटेच तिथं झाडाले पाणी घालून राहिले," बाबा म्हणाले. त्यांना आनंद झाला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांना आनंद झाला नव्हता.

काही दिवस बरे गेले. बाबा पुन्हा वर यायला लागले, मामाजी चहा-जेवणाला खाली उतरायला लागले, सीताफळं पिकली तेव्हा दोघांनी ओट्यावर बसून खाल्ली. मी एक ट्रंक उघडली.

मग आमची नाली तुंबली. काळं पाणी ओट्यापर्यंत आलं. मोहल्ल्यातली माणसं जमली, आणि त्या सगळ्यांसमोर मामाजी म्हणाले, "भिलाईत असं एक दिवस झालं नसतं. फोन करा का माणूस हजर."

बाबा झाडू घेऊन पाणी लोटत होते. ते सरळ झाले. "कोणती भिलाई? मी पाहून आलो तुमची भिलाई. दारं नेली लोकाईनं चोरून. तुमी रिटायर झाले अन् तुमच्या संगं तेही झाली."

कुणीतरी हसलं. मामाजी जिना चढून वर गेले. चहाला उतरले नाहीत, जेवायलाही नाही. महिनाभरात त्यांनी वैशाली नगरात भाड्याचं घर पाहिलं. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा बाबा घरी नव्हते. आई म्हणाली, स्टेशनवर टहलायले गेले. मी टेम्पोत बसले तेव्हा आईनं पापडाचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि बोटं बराच वेळ काढली नाहीत. "आता तरी जागेवर राह्य," ती म्हणाली.

वैशाली नगर भिलाईतच येतं, पण प्लांटच्या टाऊनशिपबाहेर. मामाजींचा एक जुना सोबती घर पाहायला आला आणि सहज बोलून गेला, "वैशाली नगर म्हणजे काही आपली भिलाई नाई." मामाजींनी त्याला चहा पाजला, फाटकापर्यंत सोडलं, आणि मग दिवसभर पंख्याकडे बघत पडून राहिले. इथेही नाली उघडी आहे. त्याबद्दल ते काही बोलत नाहीत.

होळीच्या आधी बाबा ऑटोनं आले. माफी वगैरे आमच्याकडे कुणी मागत नाही. दारातूनच ओरडले, "तुमच्या गल्लीचा पत्ता कोणाले सांगता येत नाई. काय गाव आहे!" मामाजी उठून बसले. "दुर्गवाल्याले पत्ता सांगून काय फायदा, तो स्टेशनच्या पुढे जात नाई." मी आत चहा टाकला. तेव्हापासून बाबा दर रविवारी येतात. भांडण चालूच असतं, फक्त आता त्यात रायपूर आलंय. राजधानी झाली आणि सगळं ओढून नेलं, यावर मात्र दोघांचं एकमत आहे.

माझी मुलगी पुण्याला शिकते. परवा फोनवर सांगत होती, कुठली म्हणून विचारलं की ती "रायपूरजवळची" म्हणून मोकळी होते. स्पीकर चालू होता. दोन्ही आजोबा एकदम फोनकडे झुकले.

"रायपूर कुठून आलं मधातच? भिलाई सांग!"

"दुर्ग जिल्हा म्हण, दुर्ग!"

ती हसत म्हणाली, "अरे, कोई नहीं जानता वहाँ. आई, तू काय सांगते?"

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, दूध उतू जाऊन राहिलं, आणि आत गेले. दूध गॅसवर ठेवलेलंच नव्हतं. ओट्याशी उभी राहून मी विचार करत होते. नवरा म्हणतो, रायपूरला फ्लॅट बघू. आई म्हणते, वरचा मजला झाडून ठेवलाय. मामाजी म्हणतात, इथं तात्पुरतं आहे. बाहेर दोघांचा आवाज पुन्हा चढला होता. मी पातेलं घेतलं आणि खरंच दूध तापत ठेवलं.