केबलवाल्या अक्का

अक्का रस्त्यानं चालायच्या त्या मान वर करून. समोरून गाय येवो की मोटारसायकल, त्यांचं लक्ष खांबावर. पिंपळनेरच्या बाजारात लोक त्यांना वाट करून द्यायचे, कारण त्या स्वतःहून बाजूला होतील अशी कुणालाच खात्री नव्हती. एकदा मी म्हटलं, "अक्का, खाली बघून चाला, पडाल." तर म्हणाल्या, "खाले देखं ते वायर कशी दिसी, बाई?"

गावातली सगळी केबल त्यांची होती. नवऱ्यानं घराच्या गच्चीवर डिश बसवून धंदा सुरू केला आणि पुढं काविळीचं निमित्त होऊन तो गेला. मुलगा दीपक तेव्हा धुळ्याला शिकत होता. त्याला शिक्षण सोडून परत बोलवावं असं भाऊबंदांचं म्हणणं होतं. अक्कांनी कुणाशी वाद घातला नाही. तेराव्यानंतर त्या चपला घालून निघाल्या आणि केबल बंद पडलेल्या गल्लीत जाऊन उभ्या राहिल्या. खांबावर चढायचा तो सुकदेवभाऊ, नवऱ्याच्या वेळचाच माणूस. अक्का खालून सांगायच्या. तेव्हापासून गावात त्यांना आडनावानं कुणी ओळखलं नाही.

मी माध्यमिक शाळेत नोकरीला लागले आणि त्यांच्या घराची माडी भाड्यानं घेतली. माझं माहेर जळगावचं. अहिराणी कानावर पडलेली, पण बोलता येत नव्हती. अक्कांना तेच हवं होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला खाली बोलावलं. जिन्याखालच्या खोलीत यंत्रांच्या पेट्या होत्या, एक संगणक होता आणि पंखा सतत चालू असायचा, माणसांसाठी नव्हे, पेट्यांसाठी. तिथून त्यांचं गावापुरतं एक चॅनल चालायचं. त्यावर देवीच्या यात्रेचं चित्रण, लग्नं, शाळेचं स्नेहसंमेलन असं काहीबाही लागायचं आणि खाली एक पट्टी सरकत राहायची. पाणी कधी येणार, कुणाची म्हैस हरवली, कुणाच्या दुकानाचं उद्घाटन. आणि कोण वारलं.

"तुम्हनी भाषा पुस्तकनी शे," अक्का म्हणाल्या. "मानूस गया ते पट्टीवर नीट लिव्हाले पाहिजे."

मग शाळेतून आल्यावर मी पट्टी लिहू लागले. गावातल्या मयतीची खबर आधी अक्कांकडं यायची. कधी घरातला माणूस यायचा, कधी फोन. अक्का नाव विचारायच्या, अंत्ययात्रा किती वाजता निघणार ते विचारायच्या, आणि हमखास एक प्रश्न पुढं विचारायच्या: "घरात आता कोण आहे?" ते पट्टीवर जायचं नाही. ते त्यांना स्वतःसाठी हवं असायचं. मी 'दुःखद निधन' टंकायची आणि चहा प्यायची. सुरुवातीला हात थबकायचा. नंतर थबकेनासा झाला.

माझे वडील गेले तेव्हा मी जळगावला होते. दिवस करून परत आले ती रिकाम्या मनानं, म्हणजे रडूही येत नव्हतं आणि कामही सुचत नव्हतं. संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. दोन बायका आल्या. मी त्यांना ओळखत नव्हते. त्या आल्या, बसल्या, पाणी प्यायल्या आणि उठून गेल्या. मग आणखी कुणी आलं. पिठाच्या गिरणीवाला आला. त्याच्याशी माझं कधी दळणापलीकडं बोलणं झालं नव्हतं. दोन-तीन दिवस माणसं येत राहिली. मला कळेना, यांना सांगितलं कुणी. खाली जाऊन टीव्ही पाहिला तर पट्टीवर ओळ होती. लिहिली होती अक्कांनीच, त्यांच्या तऱ्हेनं: 'वर राहणाऱ्या शाळेच्या बाई यांचे वडील जळगाव येथे वारले. बाई घरी आहेत.'

"त्यांना इथं कोण ओळखतं, अक्का?" मी विचारलं.

"त्यासले नही वळखत," त्या म्हणाल्या, "तुले ते वळखतस ना."

एरवी त्या मला अहो-जाहो करायच्या. त्या दिवशी एकदाच 'तुले' म्हणाल्या.

कंपनीचं इंटरनेट गावात आलं ते बसस्टँडवर. रंगीत छत्री, छत्रीखाली टेबल, टेबलामागं टाय लावलेली पोरं. पहिले काही महिने सगळं फुकट होतं. वायर फुकट, डबा फुकट, वर सिनेमे आणि मालिका पाहायची ॲपही फुकट. लोकांनी घेतलं. मीही घेतलं. अक्कांना आधी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "घ्या की. चांगलं दिसतंय ते घ्यायचंच." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. गल्लीगल्लीतून केबलची कनेक्शनं सुटत गेली. सुकदेवभाऊ सकाळी यायचा, कुठं काम नाही म्हटल्यावर ओट्यावर बसायचा आणि अक्का त्याला शेंगा सोलायला द्यायच्या.

मग कंपनीचा एक साहेब घरी आला. बोलायला फार गोड. म्हणाला, "अक्का, तुम्ही आमच्या पार्टनर व्हा. गाव तुम्हाला ओळखतं, तंत्रज्ञान आमच्याकडं आहे." तुमच्या खांबांवरून आमची वायर जाईल, गच्चीवर आमची पेटी बसेल, गिऱ्हाईक तुम्हीच सांभाळायचं. दीपकनं फोनवर सांगितलं, आई, सही कर, नाहीतर ते तुझ्यावाचून करतीलच. अक्कांनी सही केली. साहेब ओटा उतरताना त्यांनी विचारलं, "आपलं गावचं चॅनल कोणत्या नंबरवर लागेल?"

साहेब हसला. "ते आता आमच्या सिस्टीममध्ये बसत नाही, अक्का. लोक यूट्यूबवर टाकतात हल्ली."

जिन्याखालचा संगणक काही दिवस तसाच चालू होता. पट्टी सरकत होती. ती आता मोजक्या जुन्या घरांत दिसायची. मी लिहायला खाली जायची, पण अर्ध्या वेळा लिहायलाच काही नसायचं. लोक फोनवरच्या ग्रुपात टाकून मोकळे होत. कुठल्या ग्रुपात कोण आहे, कोण नाही, याचा पत्ता कुणालाच नसे. आमच्या मागच्या गल्लीत एक म्हातारी वारली. अक्कांची ती बालमैत्रीण. दोघी एका गावच्या माहेरवाशिणी. अक्कांना कळलं ते दुसऱ्या दिवशी भाजी घेताना, भाजीवालीकडून. त्यांनी पिशवी हातगाडीवरच ठेवली आणि त्या घरी गेल्या. परत आल्यावर भाजी घ्यायला विसरले एवढंच म्हणाल्या. मग मी जाऊन पिशवी आणली.

फुकटचे महिने संपले तेव्हा दर वाढला. पुढं पुन्हा वाढला. सिनेमाचं ॲप वेगळ्या पॅकमध्ये गेलं, क्रिकेटचं आणखी वेगळ्या. सामना रंगात आला की नेट गोगलगाईसारखं चालायचं आणि कंपनीचा फोन लागायचा नाही. लोक यायचे अक्कांच्या दारात. पूर्वी हीच माणसं "अक्का, जरा चित्र नीट करा ना" म्हणायची. आता ओट्याखालून ओरडायची. एक तरुण शिक्षक, माझाच सहकारी, म्हणाला, "पैसे घेताना बरे हात पुढं करता." मी माडीवरून ऐकत होते. अक्का त्याला म्हणाल्या, "माले काय ईचारतस भाऊ, बठ्ठं त्यासनंच शे आते." सगळं त्यांचंच आहे आता, हे त्याला सबब सांगितल्यासारखं वाटलं. पण ते खरंच होतं. पूर्वी अक्का रुसलेल्या गिऱ्हाईकाची लाईन सुकदेवला सांगून सुरू करून देत, कुणाच्या घरी परीक्षा असेल तर आई येऊन बंद करायला सांगे, तर बंदही करत. आता चालू करणं, बंद करणं, दर, वेग, सगळं कुठल्यातरी दूरच्या शहरातून होई. अक्कांकडं राहिली होती ती फक्त बोलणी.

तरीही जुनी केबल त्यांनी पूर्ण बंद केली नाही. काही घरं होती, जिथं म्हातारी माणसं अंथरुणाला खिळली होती. त्यातले एक तात्या, शेतकी सोसायटीतून निवृत्त झालेले, पक्षाघातानं एक बाजू गेलेली. त्यांना नव्या टीव्हीचं काहीच उमगत नसे. त्यांच्या सुनेनं फोन दाखवला तरी ते मान वळवत. त्यांना लागायची अक्कांच्या चॅनलवरची देवीची यात्रा. वर्षानुवर्षं तीच यात्रा. त्यात एका ठिकाणी गर्दीत ते स्वतः दिसतात, फेटा बांधलेले, चालणारे. तेवढं दृश्य आलं की त्यांचा चांगला हात हलायचा. या अशा घरांसाठी अक्का पेट्या चालू ठेवत, पंखा चालू ठेवत. दीपकला ते पटत नसे. विजेचं बिल धंद्यापेक्षा जास्त होतंय, तो म्हणायचा. अक्का ऐकून घ्यायच्या.

एके दिवशी दुपारी कंपनीची गाडी आली. खांब आता कंपनीकडं होते आणि खांबांवर जुनी वायर ठेवायची नाही असा हुकूम होता. शिडी लावून माणसं वायर कापत कापत आमच्या गल्लीपर्यंत आली. अक्का बाहेर आल्या. "या दोन गल्ल्या राहू द्या," त्या म्हणाल्या. शिडीवरचा माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "अक्का, फोटो काढून पाठवावा लागतो. खांब रिकामा दिसला पाहिजे." अक्का थोडा वेळ शिडीला हात लावून उभ्या राहिल्या. मला वाटलं त्या भांडतील. मग लक्षात आलं, शिडी मातीत तिरकी बसली होती आणि त्यांनी ती धरून ठेवली होती. त्याचं काम होईपर्यंत त्यांनी ती सोडली नाही.

संध्याकाळी तात्यांची सून आली. "तात्या सारखे टीव्हीकडं बोट करतात." अक्कांनी डोक्यावरून पदर घेतला आणि तिच्याबरोबर गेल्या. मीही गेले. तात्यांच्या पलंगाशी स्टुलावर बसून त्यांनी सांगायला सुरुवात केली. बाजारात मेथी किती आली, पांझरा नदीला पाणी किती आहे, कुणाची लेक बाळंतपणाला आली, कोण आजारी आहे. आमच्या पट्टीचीच बातमी, फक्त तोंडी. तात्यांचे डोळे काळ्या पडद्यावर होते. अक्का थांबल्या की ते त्यांच्याकडं वळायचे. मग अक्का पुढं बोलायच्या.

तात्या जाईपर्यंत त्या रोज गेल्या. त्या घरी त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, आणि येऊ नका असंही कुणी म्हटलं नाही.

पार्टनरकी संपली ती फोनवरच्या एका संदेशानं. आता या भागाचं काम कंपनी स्वतः बघेल, सहकार्याबद्दल आभार. अक्कांनी तो संदेश माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. दुसऱ्यांदा वाचताना माझ्या आवाजात काहीच नव्हतं, मयतीची ओळ वाचावी तसा तो निघाला. त्याच सुमाराला माझी बदली जळगावला झाली. दीपकनं गच्चीवरच्या डिशा भंगारवाल्याला दिल्या आणि आईला धुळ्याला नेलं. त्याआधी मी निघताना पाया पडले. अक्का म्हणाल्या, "वरनी खोली कोनले देऊ आते?" मी म्हटलं, बघा कुणीतरी चांगलं. दोघींनाही रडू आलं नाही.

अक्का गेल्या वर्षी वारल्या. पिंपळनेर सोडल्यावर मी त्यांना एकदाच भेटले, धुळ्यात, देवपुरातल्या दीपकच्या फ्लॅटमध्ये. दुपारची वेळ होती आणि नेट गेलेलं होतं. दीपक घरून काम करायचा, त्याची मीटिंग खोळंबली होती. सुनेचा कार्यक्रम अर्ध्यावर थांबला होता, नातवाचा क्लास बंद पडला होता. घरातली सगळी माणसं एकमेकांकडं बघत बसली होती. दीपक कंपनीला फोन लावत होता. कितीतरी वेळ संगीत वाजलं, मग एक मुलगी बोलली. दीपकचा आवाज चढत गेला. मुलगी तीच तीच वाक्यं म्हणत राहिली. शेवटी त्यानं फोन स्पीकरवर टाकून टेबलावर आपटला आणि तो पाणी प्यायला आत गेला.

अक्कांनी फोन उचलला.

"सर, तुमची तक्रार नोंदवून घेतलेली आहे," मुलगी म्हणाली. "लवकरात लवकर..."

"ते राहू दे. तू जेवलीस का?"

पलीकडं मुलीच्या आजूबाजूला अशाच पुष्कळ मुली बोलत होत्या, त्यांचे आवाज येत होते.

"मॅडम?"

"दुपार टळली. जेवलीस का, विचारते."

"नाही... अजून सुट्टी नाही झाली."

"सकाळपासून बरेच ओरडले असतील."

मुलगी म्हणाली, "हो."

"मनाला लावून घेऊ नको. त्यांना राग दुसऱ्याचा असतो, हाताशी तू सापडतेस." अक्का माझ्यासारखी पुस्तकातली भाषा बोलायचा प्रयत्न करत होत्या, पोरीला कळावं म्हणून. "घरी कोण कोण आहे तुझ्या?"

"आई आहे," मुलगी म्हणाली. आणि मग, तिला म्हणावंच लागत असणार, म्हणून म्हणाली, "मी आपली आणखी काही मदत करू शकते का?" हे वाक्य ती दीपकला तीन-चारदा म्हणाली होती. या वेळी सावकाश म्हणाली.

"नाही बेटा. ठेव आता. दोन घास खाऊन घे."

फोन बंद झाला. लगेच टिंग वाजलं. आमची सेवा कशी वाटली, एक ते पाच तारे द्या. अक्कांनी फोन बाहेर आलेल्या दीपकपुढं धरला.

"पैकीच्या पैकी दे."

"नेट आलं का आई?" दीपक वैतागून म्हणाला.

"नही उनं," अक्का म्हणाल्या. "तरी दे."