नावाच्या जागी फुली

माझं लग्न आधी होणार की एम.ए. पुरं होणार, याचा निकाल त्या रविवारी आमच्या डोईफोडिया गावच्या घरी, ओसरीवर लागायचा होता. पाहुणे रावेरकडचे. केळीचे मोठे मळे, मुलगाही चांगला, असं सगळे म्हणत होते. अडचण एवढीच, की त्यांनी फोनवर आधीच सांगून टाकलं होतं: लग्न परीक्षेच्या आधी उरकू, शिक्षणाचं पुढचं पुढे बघू. या ‘पुढे बघू’चा अर्थ गावातल्या कुठल्याही सुनेला विचारा.

आणि सोमवारी बऱ्हाणपूरला, कॉलेजात, माझा सेमिनार होता. इतिहासाच्या मॅडमनी विषय दिला होता इंग्रजांच्या अमलातल्या अमेरिकेतल्या एका बाईच्या लहानपणाचा. ती शेतकऱ्याची पोर. लहानपणीच दुसऱ्यांच्या घरी कामाला ठेवलेली. सूत कातायचं, साबण उकळायचा, लोणी घुसळायचं. धर्मग्रंथ वाचता यावा म्हणून तिला वाचायला शिकवलं, लिहायला मात्र नाही. बाईमाणसाला लिहून काय करायचंय? पुढे कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा तिनं नावाच्या जागी फुली मारली. हे वाचल्यापासून माझं डोकं तापलेलंच होतं.

पोहे झाले, चहा झाला. मुलगा मोबाईल चाळत होता. तेवढ्यात त्याच्या मोठ्या काकांनी खिशातून पेन काढलं, कुठल्याशा लग्नपत्रिकेचं रिकामं पाकीट पुढे सरकवलं आणि म्हणाले, “बेटा, जरा नाव लिहून दाखव. अक्षर पाहून घेऊ.”

ही आमच्याकडची जुनी रीत. मुलीला लिहिता येतं का, हे पूर्वी असंच बघायचे. माझी बी.ए.ची गुणपत्रिका त्यांच्या व्हॉट्सॲपवर आधीच गेली होती, तरी रीत ती रीत. असा संताप आला की कान गरम झाले.

सगळे माझ्या हाताकडे बघत होते. बाबा डोळ्यांनीच सांगत होते, लिही आणि मोकळी हो. पण नाव लिहिलं की पसंती, आणि पसंती आली की तारीख. मी पेन टेकवलं आणि ठसठशीत फुली मारली.

काकांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. “हे काय बेटा?”

“सही आहे,” मी म्हणाले. “उद्या कॉलेजात एका बाईबद्दल बोलायचं आहे, तिची. तिले कोनी लिहायले शिकवलंच नाही. मले शिकवलं आहे, अन् अजून शिकायचं आहे. परीक्षा झाल्याबिगर मी लग्न करणार नाही.”

मुलानं पहिल्यांदा मान वर केली. काकांनी पेनाला टोपण लावलं. “लडकी बहुत तेज आहे,” ते बाबांना म्हणाले, आणि ते कौतुक नव्हतं. पाहुणे उठले.

बाबा माझ्याकडे न बघताच म्हणाले, “उद्यापासून कॉलेज बंद.” मी रडले नाही. स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून बसले.

आई भाकरी थापत होती. आतून तिनं सगळं ऐकलं होतं. तिला पोथी वाचता येते, बसची पाटी वाचता येते. बँकेत मात्र अंगठा. तिनं विचारलं, “त्या बाईनं मंग लिहिनं शिकलं का नाही?”

“माहीत नाही. पुस्तकात तेवढंच आहे.”

“तिले कोनी इचारलंच नसीन, तुले लिहायचं आहे का म्हणून.” तिनं भाकरी उलटली. “मले बी नाही इचारलं.”

मग पिठाच्या हातांनीच ती ओसरीच्या दारात गेली. बाबांसमोर आवाज चढवलेली आई मी तोवर पाहिली नव्हती. “सकाळच्या बसले पोरगी जाईल,” ती म्हणाली. “मी संग जाते. ती त्या बाईचं काय सांगते ते मले ऐकायचं आहे.”