जमिनीवरची पिवळी चौकट

जिना उतरताना ती कठड्याला हात लावायची नाही, पण हात कठड्याच्या वर तरंगत ठेवायची.

दारात कोण येतंय ते पावलांवरून सांगायची. चुकली तर आलेल्यालाच विचारायची, "गुडघा दुखतोय का?"

चहा पिताना टाचा उचलायची, टेकवायची.

समोरून कुणी लंगडत गेलं की बोलता बोलता थांबायची. राहिलेलं वाक्य मग राहूनच जायचं.

लग्नाचे फोटो दाखवले तर पाय बघायची. "नवरा घाबरलाय," म्हणायची. "सगळं वजन टाचेवर आहे बघ."

मी तिला ताई म्हणायचे. तिची पाठ वळली की संस्थेत तिला पोटरीबाई म्हणत. तिला ते माहीत होतं. "नडगीबाईपेक्षा बरं," एवढंच म्हणायची.

साहित्यात एम.ए. करून मी चालण्यावर संशोधन करणाऱ्या त्या संस्थेत अहवालांची भाषा नीट करायला लागले होते. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "काय गं, स्नायूवर एखादी कविता आहे का तुमच्यात?"

"हृदयावर आहेत. हव्या तेवढ्या."

"मग झालं की. तोही स्नायूच."

ती शाळेत असताना वडिलांना अर्धांगवायू झाला. पाय काठीसारखा ताठ व्हायचा. डॉक्टर म्हणायचे, पाय सैल सोडा. वडील सैल सोडायचे आणि पडायचे. बाकीचे उचलायला धावत. ती तिथेच उभी राहून विचार करायची, हे पडले कसे?

पुढचं आयुष्य त्या एका प्रश्नावर गेलं. चालताना पोटरीचा आणि नडगीचा स्नायू आळीपाळीनं काम करतात. एक ओढतो तेव्हा दुसरा सोडतो. म्हातारी, बिचकलेली माणसं दोन्ही एकदम आवळतात. हा बिघाड आहे, असं बहुतेक जण मानत. ताईला वाटायचं, पडू नये म्हणून शरीरानं धरलेला तो आधार असावा. पण तसं ती कुठे छापायची नाही. "वाटण्याला कोण विचारतं? आधी मोजू."

मोजायची खोली लांबट होती. मधोमध जमिनीत पावलाचा दाब मोजणारी प्लेट बसवली होती. वरून ती आजूबाजूच्या फरशीसारखीच दिसे. चालणाऱ्याला तिचा पत्ता लागू द्यायचा नाही, हा तिथला पहिला नियम. पत्ता लागला की माणूस नेम धरून पाऊल टाकतो. आधीचं पाऊल आखडतं, स्नायू आवळतात, आणि सगळी मोजणी वाया जाते.

म्हणून ताई सांगायची, "आजी, समोरच्या घड्याळाकडे बघत या."

"बाई, ते बंद आहे," एक आजी म्हणाल्या.

"मग तर काहीच घाई नाही."

त्यांना आम्ही घड्याळवाल्या आजी म्हणू लागलो.

सर म्हणजे संस्थेचे प्रमुख, ताईचे एकेकाळचे वर्गमित्र. त्यांनी म्हाताऱ्या बायकांसाठी एक व्यायामक्रम बसवला. आवळलेले पाय सैल सोडायला शिकवायचं. त्याआधी आणि त्यानंतर मोजायचं काम ताईकडे आलं.

निकाल डोळे दिपवणारा होता. व्यायामानंतर आवळलेले पाय सैल झाले होते. संशोधनाचा पेपर छापून आला. दवाखान्यांनी व्यायाम उचलला. सगळे खूश होते. ताई सोडून.

"इतकं चांगलं कधी येत नाही गं," ती म्हणाली आणि मोजणीच्या वेळची जुनी चित्रफीत काढून बसली.

एका दुपारी तिनं मला हाक मारली. पडद्यावर घड्याळवाल्या आजी चालत होत्या. फरशीवर, प्लेटच्या भोवती, पिवळ्या चिकटपट्टीची चौकट होती. पाहुणे आले तेव्हा त्यांना प्लेट दाखवायला कार्यालयानं ती लावली होती. पाहुणे गेले, पट्टी राहिली. व्यायामाआधीची सगळी मोजणी त्या चौकटीत झाली. नंतर पुसताना फडकं अडकतं म्हणून सफाईच्या मावशींनी ती खरवडून काढली. व्यायामानंतरची मोजणी कोऱ्या फरशीवर झाली.

"व्यायामानं काही झालं नाही," ताई म्हणाली. "जे केलं ते मावशींनी." मी हसले. ती हसली नाही. "चालवायचं काम दुसऱ्यांवर सोडून मी पलीकडच्या खोलीत आलेख बघत बसले होते. जन्मभर लोकांच्या पायांकडे बघितलं, आणि तेव्हाच बघितलं नाही."

पेपरची भाषा मी सुधारली होती, म्हणून तिनं मलाही सरांकडे नेलं.

"पेपर मागे घ्यावा लागेल."

"चिकटपट्टीसाठी?" सर म्हणाले.

"त्याच बायकांना परत बोलावते. पट्टी लावून चालवते, काढून चालवते. कळेल."

"बोलाव ना. खोली तेवढी मिळणार नाही. तिथे आता व्यायामाचे वर्ग आहेत." मग जरा मऊ आवाजात, "अगं, बायका खूश आहेत. तुझं का पोट दुखतंय?"

"एखादी पडली तर?"

"म्हाताऱ्या माणसांचं पडणं आपण सुरू केलंय का?"

त्यानंतर घड्याळवाल्या आजी न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. आम्ही दवाखान्यात गेलो. आजींनी ताईचा हात धरला. "तुमच्या वर्गात शिकवलं ना बाई, अगदी तसाच सोडला होता पाय. सैल."

ताई उशी नीट करत राहिली. बाहेर आल्यावर जिन्यात तिनं कठडा घट्ट धरला. मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं.

"घरी मोजते," ती म्हणाली. "प्लेट नाही तर नाही. स्नायू तरी मोजता येतील. आधी आईला चालवते, मग एकेकीला बोलावते."

संस्थेनं मोडीत काढलेले, पायाला चिकटवून स्नायूंचा ताण टिपणारे दोन सेन्सर तिनं दुरुस्त केले. पिवळी पट्टी विकत आणली.

आणि ती गेली. हृदय बंद पडलं. तोही स्नायूच. हे लिहिताना मला दुसरं काही सुचत नाही.

शोकसभेत सर चांगलं बोलले. मध्ये थांबून पाणी प्यायले. व्यायामाच्या वर्गाला तिचं नाव द्यायचं जाहीर झालं. टाळ्या वाजल्या. सभा संपल्यावर ते माझ्याकडे आले. "तू साहित्याची ना? पाटीसाठी दोन ओळी दे. साध्या, मनाला भिडतील अशा."

मी निघाले ती थेट ताईच्या घरी. दार तिच्या आईनं उघडलं.

स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळात फरशीवर पिवळी चौकट होती. तीन बाजू सरळ, कोपरे नीट दाबलेले.

"इथेच वाकलेली होती," आई म्हणाली. "मला वाटलं, बघतेय काहीतरी. तिचं नेहमीचंच ते. मी हाक मारली नाही गं."

"काढून टाकू का हे?"

"नको. उद्या चालायचंस म्हणाली होती. खाली बघायचं नाही, आई, असं दोनदा बजावलं."

आई माझ्यासाठी पाणी आणायला निघाली. चौकटीजवळ तिचं पाऊल आखडलं. खाली बघून, नेम धरून तिनं पाय मधोमध ठेवला. पाय काठीसारखा ताठ झाला होता.

सेन्सर टेबलावर होते, चार्जिंगला लावलेले. पट्टीचं रीळ चौथ्या बाजूच्या अर्ध्यावर आडवं पडलं होतं. अजून पट्टीला जोडलेलंच.