न्हाणीघराचा पडदा

मार्चचा शेवटचा शुक्रवार. ऑफिसने यंदा कोणत्या संस्थेला मदत करायची, हे ठरवायची बैठक होती आणि संस्था पाहून येण्याचं काम माझ्याकडे होतं. पाहिलेलं मी बैठकीत सांगितलं.

मनोरुग्ण बायकांच्या आश्रमात न्हाणीघराला दार नाही. तिथे आमच्याच गेल्या वर्षीच्या देणगी समारंभाचा, भंगारात गेलेला फ्लेक्स टांगलाय. त्यावर आम्ही सगळे हसतोय आणि मागे बायका आंघोळ करताहेत. त्यांना फक्त एक दार हवंय.

"फोटो काढू देतात का?" साहेबांनी विचारलं.

"नाही. बायकांची ओळख बाहेर जाऊ नये म्हणून."

"अहो मॅडम, मग आपण दिलं हे कळायचं कसं?"

"आंघोळ करणारीला कळेल," मी म्हटलं. सगळे हसले आणि त्यांनी पुन्हा मुलांचं वसतिगृहच निवडलं. तिथली मुलं कॅमेऱ्यासमोर छान रांगेत उभी राहतात.

आपल्याला देताना कुणीतरी बघायला लागतं. कुणी बघू नये, एवढंच ज्यांचं मागणं आहे, त्यांनी आपल्या दारात येऊच नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या समारंभासाठी फ्लेक्सवाल्याला फोन केला. म्हटलं, "यंदा जाड कापड वापरा. आणि माप घ्या, न्हाणीघराच्या दाराएवढं."