दूधवाल्याचा वेग

नऊ फेब्रुवारी, रविवार, सकाळी पावणेअकरा. रक्कम रुपये चौदा हजार. हजर: मी, माझी पत्नी, एक दूधवाला, त्या गावचे माजी सरपंच आणि चहाच्या टपरीवरची सात-आठ माणसे. टपरीवरच ठरले असे की चूक दूधवाल्याची, म्हणून माझ्या गाडीच्या दुरुस्तीचे चौदा हजार त्याने द्यायचे. वहीच्या फाटक्या कागदावर लिहून घेतले. त्याचा डावा हात गळ्यात बांधलेल्या उपरण्यात होता. सही त्याने उजव्या हाताने केली.

आम्ही शेवगावहून नेवाशाकडे निघालो होतो. पत्नीच्या मावसभावाच्या मुलीचा साखरपुडा होता, अकराचा मुहूर्त. गाव लागण्याआधी एक वळण आहे. ते घेतले आणि दोन-तीनशे मीटर पुढे समोर, आमच्याकडे तोंड करून, ही दूधवाल्याची मोटारसायकल. मी ब्रेक दाबला. दूधवाल्याने बाजूला उडी टाकली आणि तो हातावर पडला. त्याची गाडी आमच्या बंपरखाली अडकली आणि फरफटत गेली.

मी हिशेबाचे काम करतो. मोजायची सवय घरीदारी सुटत नाही. फुटलेल्या दिव्याच्या काचा जिथे पडल्या होत्या तिथपासून गाडी थांबली तिथपर्यंत मी चालून पाहिले: अकरा पावले. माझे पाऊल पंचाहत्तर सेंटिमीटरचे आहे.

"सायेब, मी उभाच हुतो," दूधवाला सांगत होता. "पेंडीचं पोतं कलंडलं म्हनून थांबलो हुतो. पाय खाली टेकला आन् तुमी आलाच."

सरपंचांनी मोटारसायकलीकडे बोट केले. पुढचे चाक आठाच्या आकड्यासारखे वळले होते, हँडल टाकीत घुसले होते. "उभ्या गाडीचं असं भजं व्हतंय व्हय रं? सायबाची गाडी बघ, नुस्ता दिवा नि बंपर फुटलाय. ज्याची जास्त मोडली त्यो जोरात. साठच्या खाली नव्हतास तू."

"आन्ना, पोतं घेऊन कोन साठनं पळवतंय?"

"तूच. दूध घालायला जाताना बी तू असाच जातोस. म्हशी बी इचारत असतील, मालक गेला कुठं."

लोक हसले. मग सरपंचांनी मला विचारले, "सायेब, तुमी कितीवर हुता?"

"तीस," मी म्हणालो.

"बगा. आकड्यातला मानूस हाय, ह्यो चुकायचा न्हाई."

दूधवाल्याने माझ्याकडे पाहिले आणि सहीसाठी पेन घेतले.

तीस हा आकडा मी बनवला नव्हता. वळणावर काट्याकडे पाहिले होते, तेव्हा काटा तीसवर होता. वळण संपल्यावर रस्ता मोकळा होता आणि मुहूर्ताला पाऊण तास उरला होता. त्यानंतर मी काट्याकडे पाहिले नाही. मी तीस म्हणालो तेव्हा पत्नी शेजारीच उभी होती. ती तेव्हा काही बोलली नाही, आणि मीही तिला विचारले नाही.

शनिवारी त्याचे चार हजार मोबाईलवर आले. सोबत निरोप होता: उरलेले दहा हजार पुढच्या बाजारानंतर, घोडेगावला कालवड विकून देतो. मी "ठीक आहे" असे लिहिले.

माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. तेवीस तारखेच्या रविवारी दुपारी ती टकरींचा धडा करत बसली होती. तिची एक सवय आहे, कळलेले दुसऱ्याला समजावून सांगितल्याशिवाय तिला ते पक्के होत नाही. ऐकायला बहुतेक वेळा मीच असतो.

"बाबा, वस्तुमान गुणिले वेग म्हणजे मोमेंटम. दोन गाड्या धडकल्या की दोघांचं मिळून जेवढं आधी होतं तेवढंच नंतर राहतं. एकाचं जातं ते दुसऱ्याला मिळतं."

"आणि हे पुढे लिहिलंय ते इम्पल्स म्हणजे?"

"जोर गुणिले वेळ. मागची खोली बांधताना गवंडी विटा कसे झेलायचे? विटेबरोबर हात मागे न्यायचे. वीट थांबवायचीच आहे, पण वेळ जास्त दिला की हाताला जोर कमी लागतो. हात ताठ धरला तर तेवढंच सगळं एका क्षणात हातावर येतं."

मला उपरण्यातला हात आठवला. तो विचार बाजूला सारून मी म्हणालो, "मग आपलाच अपघात घे. त्या दूधवाल्याचा वेग काढून दाखव." माझ्या मनात होते की साठ तरी येईल, आणि तो आकडा एकदा कागदावर दिसला की मला स्वस्थ वाटेल.

आकडे मी सांगितले. आमची गाडी साडेआठशे किलो, मी बहात्तर, पत्नी अठ्ठावन्न, एकूण नऊशे ऐंशी. मोटारसायकल एकशे दहा, रिकाम्या किटल्या दहा, पेंडीच्या पोत्यावर छापलेले पन्नास, एकूण एकशे सत्तर. अकरा पावले म्हणजे सव्वाआठ मीटर.

तिने आधी धडकेनंतरचा वेग काढला. ब्रेक दाबलेल्या गाड्या सव्वाआठ मीटर घसरल्या, तर घसरायला लागताना वेग किती असेल, त्याचे सूत्र तिच्याकडे होते. रस्त्यावर धूळ होती म्हणून तिने घर्षण कमीच धरले. सेकंदाला नऊ मीटर आले. अडकलेल्या दोन्ही गाड्यांचे वजन अकराशे पन्नास, गुणिले नऊ: दहा हजार तीनशे पन्नास.

"हे नंतरचं. आता आधीचं. तुम्ही तीसवर होता, म्हणजे सेकंदाला आठ पूर्णांक तेहेतीस मीटर. गुणिले नऊशे ऐंशी... आठ हजार एकशे त्रेसष्ट. यातून त्याचं वजा करायचं, कारण तो समोरून येत होता." तिने पेन थांबवले. "उत्तर उणे येतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे तो समोरून येत नव्हता. तुमच्या पुढे, तुमच्याच दिशेने पळत होता. ताशी सेहेचाळीसने." ती हसली. "उलटा बसून चालवत होता का? थांबा, माझंच काहीतरी चुकलं असेल."

तिने पान उलटले आणि सगळे पुन्हा मांडले. मी बघत होतो. चूक कुठे आहे ते मला तिच्या आधी दिसले. आधी आठ हजार एकशे, नंतर दहा हजार तीनशे. मध्ये भर घालणारे कोणी नव्हते. समोरून येणारा फक्त कमी करू शकतो. म्हणजे पहिलाच आकडा खोटा होता.

"त्याला उभा धर," मी म्हणालो. "शून्य."

तिने भागाकार केला. "मग तुम्ही अडतीसवर."

"आणि तो साठने आला असेल तर?"

"तर तुम्ही अठ्ठेचाळीसवर. तो जेवढा जोरात येत असेल, बाबा, तेवढे तुम्ही आणखी जोरात. तीस कसंच बसत नाही."

"पण त्याची गाडी किती मोडली ते तू पाहिलं नाहीस."

"ती मोडणारच. दणका दोघांना सारखाच बसतो, पण हलक्याचा वेग जास्त बदलतो. त्यावरून कोण जोरात होतं ते कळत नाही." मग तिने माझ्याकडे नीट पाहिले. "कोण म्हणालं तसं?"

पत्नी दारात उभी होती, हातात वाळलेले कपडे. "वळण सुटल्यावर मी हळू चला म्हणाले होते," ती म्हणाली. "तुम्हाला ऐकू आलं नसेल." मला ऐकू आले होते. ते मी तिला त्या दिवशी सांगितले नाही. नंतर सांगितले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून एस.टी.ने त्या गावी गेलो. दूधवाल्याचे घर वस्तीवर आहे. तो बाजेवर बसला होता, मनगटाला प्लास्टर. त्याची बायको गोठ्यात होती. कालवड दावणीलाच होती, अजून विकली नव्हती. ते पाहून मला बरे वाटले आणि लगेच, बरे वाटल्याची लाज वाटली.

मी उभ्यानेच सांगितले. मी तीसवर नव्हतो, निदान अडतीसवर होतो. तुम्ही उभे होता हे खरे असणार. मुलीने गणित मांडले त्यात निघाले.

त्याने प्लास्टरकडे पाहिले. "मी सांगितलं तवा न्हाई पटलं. पोरीनं वहीत मांडलं तवा पटलं व्हय?"

"हो," मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

"लई शिकलेली मानसं तुमी."

मी खिशातून पाकीट काढले. त्याने चांगला हात आडवा केला. "पैशाचं मागनं. आदी टपरीवर चला. तिथं मला खोटा पाडलाय. गावात समदे इचारत्यात, साठनं कुनीकडं चाल्ला हुतास म्हनून."

टपरीवर सरपंच होते, त्या दिवशीचे चार-पाच जणही होते. मी तेच पुन्हा सांगितले. सरपंचांना हलक्या-जड गाडीचे पटले नाही. "ते आमाला काय कळत न्हाई. तुमी तीस म्हनला म्हनून आमी लिवलं," एवढेच ते म्हणाले. ते बरोबर होते. कागद त्यांच्याकडेच होता. त्यांनी तो दूधवाल्याला दिला, त्याने चार घड्या घालून खिशात ठेवला. फाडला नाही.

परत वस्तीवर आल्यावर खर्च विचारला. मोटारसायकल अकरा हजार तीनशे, ती अजून गॅरेजमध्येच होती. एक्स-रे, प्लास्टर आणि औषधे तीन हजार आठशे पन्नास. मी लिहीत होतो तेव्हा त्याची बायको गोठ्याच्या दारात आली.

"ह्यांचा हात मोडल्यापासनं धारा मीच काढतीया. कांदे काढायला जायाची, ती मजुरी बुडली. ती लिवनार का न्हाई?"

"किती दिवस?"

"बारा. तीनशेनं."

"तू गप," दूधवाला म्हणाला.

"का गप? त्ये मोजायलाच आलेत न्हवं?"

मी लिहिले. त्याचे चार हजार तिथेच मोबाईलवर परत पाठवले. अकरा हजार तीनशे त्याच संध्याकाळी गॅरेजवाल्याला दिले. औषधपाण्याचे तीन हजार आठशे पन्नास दूधवाल्याला रोख दिले, ते त्याने न मोजता उशीखाली ठेवले. कांद्याच्या मजुरीचे तीन हजार सहाशे त्याच्या बायकोला दिले. तिने ते दोनदा मोजले.