पेवातून आलेला माझा आवाज

भुताखेतांच्या गोष्टी मी आवडीने वाचतो, पण त्या खऱ्या असतील असं मला कधीच वाटलं नाही. आमच्या कामात जुन्या वास्तूंमध्ये एकट्याने तासन्‌तास बसावं लागतं... पडके बुरूज, बंद देवळं, वटवाघळांनी भरलेली कोठारं. जिना वाजला तर लाकूड फुगलंय, दार आपोआप उघडलं तर बिजागरी खाली बसलीय — एवढंच माझं तत्त्वज्ञान. तेव्हा पुढचं लिहितोय ते कुणाला घाबरवायला नाही. मला एका बाईंची माफी मागायची होती. ती मागून झाली, आणि त्यानंतर झोप आणखीच उडाली, म्हणून लिहितोय.

मी साताऱ्याचा. पन्नाशीला आलोय. जुन्या इमारतींची मोजणी करायची, नकाशे काढायचे, दुरुस्तीचा आराखडा द्यायचा हे माझं काम. गिरीश (नाव बदललंय) माझा कॉलेजचा मित्र. एका खोलीत राहिलो, एका डब्यात जेवलो. त्याची आता मोठी सल्लागार कंपनी आहे. सांगलीत नदीकाठच्या एका जुन्या वस्तीच्या पुनरुज्जीवनाचं काम त्याला मिळालं, तेव्हा त्याने पहिला फोन मला केला.

"अव्या, माझ्यासारख्या टाय लावलेल्या माणसावर लोक भरवसा ठेवत नाहीत. तुझ्यावर ठेवतील. तू मोजणी कर आणि त्यांना तयार कर, बाकी माझ्यावर सोड."

ती वस्ती म्हणजे कृष्णेच्या काठावरून वर चढत जाणारी एक अरुंद गल्ली. दोन्ही बाजूंना बैठी दगडी घरं, वर कौलं, आणि घरापुढे पेवं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : पूर्वी हळद गोदामात नव्हे, जमिनीखाली साठवत. पेवाचं तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट घागरीसारखं फुगलेलं. माती अशी की ओल धरत नाही. हळद वर्षानुवर्षं टिकायची. महापुरांनी बहुतेक पेवांत पाणी शिरलं, ती ढासळली, लोकांनी बुजवून टाकली. गल्लीच्या वरच्या टोकाचं एक मात्र शाबूत राहिलं. ते अक्कांच्या दारातलं.

अक्का सत्तरीच्या आसपासच्या. पुढच्या खोलीत त्यांचं कांडपाचं मशीन. सगळी गल्ली मिरची आणि हळद त्यांच्याकडूनच कुटून न्यायची. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. सोबतीला धाकटे दीर, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांना सगळे सुभेदारच म्हणत.

पहिल्या दिवशी टेप घेऊन दारात उभा राहिलो तर अक्का मशीन बंद न करताच ओरडल्या, "आलं का आनी एक मोजनीवालं! मोजून मोजून घर झिजलं की आमचं."

"अक्का, मी पाडायला नाही, राखायला मोजतोय."

"सगळी असंच म्हनत्यात. बसा. च्या घेनार का तुमी बी शुगरवालं?"

आठवडाभरात मी त्या घरचा होऊन गेलो. दुपारी भाकरी तिथेच. योजना मी त्यांना हाताने चित्र काढून समजावली : दुरुस्तीपुरतं घर सोडायचं, काम झालं की परत त्याच घरात. पेवावर जाड काच बसेल, शाळेची मुलं बघायला येतील. कांडपाचं मशीन होतं तिथेच. मला हेच सांगण्यात आलं होतं आणि माझा त्यावर पूर्ण विश्वास होता. गल्लीतले बाकीचे लोक अक्कांकडे बघत होते. अक्कांनी संमती दिली तर सगळे देणार, नाहीतर कुणीच नाही.

राहिली होती पेवाची आतली मोजणी. ते बरीच वर्षं उघडलेलं नव्हतं. सकाळीच तोंडावरची फरशी सरकवून वारा खेळू दिला. दुपारी सुभेदारांनी दोरीला कंदील बांधून आत सोडला. ज्योत शांत जळत राहिली, म्हणजे हवा चांगली. मग त्यांनी माझ्या कमरेला दोर बांधला.

"साहेब, आत गेल्यावर तोंड बंद ठेवायचं न्हाई. गानं म्हना, शिव्या द्या, पर बोलत ऱ्हावा. आवाज थांबला की मी वडनार."

"शिव्या कुणाला देऊ?"

"द्या की भावजीला," अक्का म्हणाल्या. मग एकदम गंभीर झाल्या. "आनी तुमी आतनं काय बी सांगितलं तरी आमी उलट इचारनार न्हाई बरं का. पेवाचा नेमच हाय तो. आतला सांगंल ते वरच्यानं करायचं. मामंजींच्या हाताखालचा एक जन असाच गेला. 'वडा' म्हनला, आनी वरच्यानं 'का रं?' म्हनून इचारलं. तेवढ्यात गेला."

मी बांबूच्या शिडीवरून उतरलो. आत गार होतं आणि हळदीचा जुना, मातकट वास. भीती वगैरे काही नाही, उलट मला फार बरं वाटलं. हात मोकळे हवेत म्हणून मी मोजमापं बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करतो. तसा खिशात मोबाइल चालू होता. त्यामुळे बोलत राहायची अडचण नव्हती. भिंत कोरडी... उत्तरेला भेग, केसाएवढी... गिलावा शेणमातीचा, पापुद्रे सुटलेले... असं एकसारखं बोलत मी काम संपवलं आणि वर आलो.

सुभेदारांनी दोर सोडला, पण माझ्याकडे बघितलं नाही. अक्का पायरीवर बसून होत्या. पदर तोंडाला.

"काय झालं?"

"सायेब, खाली काय म्हनलासा तुमी?"

"मोजमापं. दुसरं काय?"

अक्कांनी सुभेदारांकडे पाहिलं. ते खालमानेने म्हणाले, "तुमी म्हनलासा, 'अक्का, सही करू नका. ही गल्ली राहणार नाही.' दोनदा म्हनलासा."

मला हसू आलं. नंतर जरा रागही आला. ऐन वेळेला हे काय खूळ! मी त्यांना समजावलं : पेवाचं पोट गोल आहे, आवाज घुमतो, शब्दावर शब्द चढतो, आणि मनात जी धास्ती असते तीच कानाला ऐकू येते.

"साहेब," सुभेदार म्हणाले, "अख्खी नौकरी वायरलेसवर काढली मी. खरखरीतनं शब्द वेचायचं हेच आमचं काम हुतं. आवाज तुमचाच. तुमचा साताऱ्याचा हेल बी तसाच."

मग मी मोबाइल काढला आणि तिथेच, पायरीवर बसून, रेकॉर्डिंग पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवलं. मोजमापं, फक्त मोजमापं. कुठे खंड नाही. मधेच वरून अक्कांचा "आँ?" असा आवाज येतो आणि पाठोपाठ सुभेदारांचा दबका आवाज, "वैनी, उलट इचारू नगा." पण त्याच्या आधी मी काय म्हणतोय? तर "उत्तरेला भेग, केसाएवढी."

म्हणजे त्यांनी दचकून काहीतरी ऐकलं होतं, हे त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. काय ऐकलं, ते नाही.

मी त्या वेळी त्याचा विचार केला नाही. मला एवढंच दिसत होतं की मी खोटा नाही, हे सिद्ध झालं. "बघा अक्का," मी म्हणालो, "माझ्यावर नका ठेवू विश्वास, यावर तरी ठेवा."

अक्का उठल्या आणि म्हणाल्या, "मशीन कशाला खोटं बोलंल? चला, जेवून घ्या."

दुसऱ्या दिवशी अक्कांनी संमतीपत्रावर सही केली. पाठोपाठ सगळ्या गल्लीने.

लोक भाड्याच्या खोल्यांत गेले. मी साताऱ्याला परतलो आणि दुसऱ्या कामात गुंतलो. एका सकाळी सुभेदारांचा फोन आला. मागे इंजिनाची घरघर.

"साहेब, जेसीबी आलाय. दुरुस्तीला जेसीबी लागतो व्हय?"

मी गाडी काढून तसाच निघालो. पोहोचलो तेव्हा गल्लीची एक बाजू आडवी झाली होती. अक्कांच्या दारातलं पेव दगडमातीने तोंडापर्यंत भरलं होतं. मी ओरडलो, जेसीबीसमोर उभा राहिलो. गिरीशच्या कंपनीच्या माणसाने शांतपणे मला अहवाल दाखवला : घरं धोकादायक, दुरुस्ती अशक्य. आधार कशाचा? माझ्या मोजणीचा. माझ्याच केसाएवढ्या भेगा. त्यांचे मी काढलेले फोटो एवढे मोठे करून लावले होते की भिंत आत्ता पडेल असं वाटावं. खाली नाव माझं.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. मोजणी चालू असताना गिरीशचा फोन आला होता : "भेगांचे फोटो अगदी जवळून काढ, आणि जास्त काढ." दुरुस्तीच्या आराखड्याला इतके फोटो लागत नाहीत. मला ते खटकलं होतं. मी विचारलं नाही. मित्राला काय विचारायचं, असं वाटलं.

त्याच संध्याकाळी त्याच्या ऑफिसात गेलो. शिव्या द्यायच्या ठरवून गेलो होतो. पण एवढंच विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

तो लाजलासुद्धा नाही. "सांगितलं असतं तर त्यांच्या डोळ्यांत बघून बोलला असतास का? तुला खोटं बोलता येत नाही अव्या, म्हणून तर तुला पाठवलं."

इतक्या वर्षांच्या मैत्रीत त्याने मला नेमकं ओळखलं होतं, आणि त्याचा हा असा उपयोग केला.

आज तिथे फरसबंद चौक आहे. वारसा चौक अशी पाटी आहे. मधोमध सिमेंटचं, हळदी रंगाचं खोटं पेव केलंय. लोक त्याच्याशेजारी उभे राहून सेल्फी काढतात. गल्लीतले काहीजण कोर्टात गेलेत. मी त्यांच्या बाजूने लिहून दिलंय, पण घरं काही उभी राहणार नाहीत.

अक्का आता कवठे महांकाळला, लेकीकडे असतात. मला तिकडे जायचा धीर व्हायला फार दिवस लागले. शेवटी गेलो. सुभेदार मला घ्यायला स्टँडवर आले होते. लेकीच्या घराच्या पडवीत कांडपाचं मशीन ताडपत्रीखाली झाकून ठेवलं होतं. अक्का वाळल्या होत्या. तरी मला बघून म्हणाल्या, "या. टेप आनली का? हितं मोजायला माझं काय बी न्हाई."

मी त्यांचे पाय धरले. म्हणालो, "अक्का, मी जाणूनबुजून खोटं बोललो नाही. मलाही फसवलं."

"ठावं हाय. तुमी खोटं बोलला न्हाईसा. खाली खरं तेच बोलला हुता. आमीच नेम मोडला. ऐकलं ते केलं न्हाई, उलट इचारलं."

"अक्का, ते मी बोललोच नव्हतो. रेकॉर्डिंग ऐकलंत ना तुम्ही."

अक्का सुभेदारांकडे वळून म्हणाल्या, "सांगा भावजी. आता काय लपवायचं?"

सुभेदारांनी घसा साफ केला. "साहेब, तवा आमी तुमाला सगळं सांगितलं न्हवतं. खालनं आनी एक वाक्य आलं हुतं. शेवटचं. 'मी वर आलो की नाही म्हणेन. तेव्हा माझं ऐकू नका.'"

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"कसं सांगायचं?" अक्का म्हणाल्या. "आमच्या ताटात जेवत हुता तुमी. समोर बसल्याल्या मानसाला, तुझं ऐकू नगं म्हनून तूच सांगितलंस, असं तोंडावर बोलायचं? यडं म्हनला असता. आनी तुमचं तोंड बघून वाटलं, हे मानूस फशिवनार न्हाई." मग अगदी साध्या कुतूहलाने त्यांनी विचारलं, "पर एक सांगा सायेब. खाली बोलला ते तुमीच हुता. मग वर आला ते कोन?"

त्याचं उत्तर मी अजून शोधतोय. हवा बिघडून मी भ्रमात बोललो असेन तर रेकॉर्डिंगमध्ये यायला हवं होतं. त्या दोघांना भास झाला म्हणावं, तर दोघांना एकच, शब्द न शब्द सारखा? आणि पुढे काय होणार, हे त्या दिवशी त्या अंगणात कुणालाच माहीत नव्हतं — मला तर नव्हतंच. असं मी स्वतःला रोज सांगतो. भेगांच्या फोटोंच्या वेळी जे खटकलं होतं ते खाली जाऊन बोललं असेल का, असंही कधी मनात येतं. पण मग ते मला का ऐकू आलं नाही?

तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा. फक्त आवाज घुमला असेल, असं कृपा करून सांगू नका. ते मी सांगून बसलोय, आणि त्यांनी ते मान्यही केलं होतं.