फळ्यावर वेळ लिहिली नव्हती

निपाणीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी तालीम आहे आणि तालमीच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. गेली कितीतरी वर्षं तो फळा मी लिहितो. पाणी कधी सुटणार, कुणाच्या मुलीला नोकरी लागली, कोण वारलं आणि त्याला किती वाजता न्यायचं, हे सगळं गल्लीला त्या फळ्यावरून कळतं. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि त्यावर दिवसभर बातम्या कोसळत असतात, पण त्यातली खरी कुठली हे ठरवायला लोक अजून फळ्यापाशी येतात. 'फळ्यावर लिवलंय' म्हटलं की वाद मिटतो. मी प्राथमिक शाळेतला निवृत्त मास्तर. माझं अक्षर चांगलं आहे आणि ते चांगलं आहे हे मला जरा जास्तच माहीत आहे. या वयातही हात कापत नाही, हे मी येताजाता चारचौघांना ऐकवत असतो.

तालीम आता नावालाच कुस्तीची. लाल मातीच्या हौद्यात फुटबॉलच्या जाळ्या आणि फाटके बूट पडलेले असतात. कोल्हापूरची एसटी तासाभरात इथं पोचते, तसं तिकडचं फुटबॉलचं खूळही पोचलं. आमचा संघ आणि हायवेकडच्या पेठेतल्या तालमीचा संघ यांचं वैर किती जुनं आहे, हे कुणालाच धड सांगता येत नाही. दोन्हीकडं सोयरिकी होतात, मयतीला एकमेकांच्या खांद्याला खांदा लागतो, पण सामन्याच्या दिवशी त्यांच्याकडचा जावई आमच्या गल्लीत सासरवाडीला आला, तर त्याला चहा बिनसाखरेचा मिळतो. यात मी मागं होतो असं नाही. माझ्या सख्ख्या साडूशी मी एका पेनल्टीवरून दोन वर्षं बोललो नव्हतो.

आमचा फॉरवर्ड गल्लीतलाच. बाप लहानपणी गेला, आई विड्या वळते. त्याच्या आईला मी वाचायला शिकवलं. नोकरीत असताना संध्याकाळी मी बायकांचा साक्षरतेचा वर्ग घ्यायचो, त्यात ती यायची. कारखान्याच्या वहीत अंगठा उठवायची लाज वाटते म्हणाली. सही यायला लागली तशा बाकीच्या बायका एकेक करून गळाल्या, ही राहिली. तंबाखूनं पिवळं पडलेलं बोट अक्षराखालून सरकवत ती इतकी सावकाश वाचायची की मला मध्येच जांभई यायची.

पुढं मुलगा आमच्या संघातून खेळायला लागला, गोल मारायला लागला, आणि त्याचं नाव फळ्यावर यायला लागलं. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी कारखान्यात विड्या देऊन परत येताना ती विड्यांची बुट्टी कमरेवर घेऊन फळ्यापुढं थांबायची. ओठ हलवत, बोट हवेत धरून, पहिल्या ओळीपासून वाचायची. पाण्याची वेळसुद्धा सोडायची नाही. मुलाच्या नावापाशी आली की तिथंच रेंगाळायची, मग कट्ट्यावर बसलेल्या माझ्याकडं वळून म्हणायची, "आलंय बघा गुरुजी नाव." जसं काही ते नाव मी लिहिलेलं नसून मलाच आता कळतंय. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला जे काही बक्षीस मिळालं, त्यात हे सगळ्यात वरचं होतं, असं मी तेव्हाही म्हणायचो.

गेल्या हंगामात त्याचा गुडघा गेला. त्याच्या आदल्याच सामन्यात पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन गल्लीभर फिरवलं होतं, गुलालानं त्याचे कान लाल झाले होते. गुडघा गेल्यावर आठवडाभर सगळे त्याच्या दारात होते, मग कमी होत गेले. बेळगावात माझा एक जुना विद्यार्थी हाडांचा डॉक्टर आहे. मी त्याच्या आईला शब्द दिला, येत्या रविवारी मी स्वतः घेऊन जातो. तो रविवार एका लग्नात गेला. पुढच्या रविवारी घरी पाहुणे आले. त्याच्या पुढच्या रविवारी मला आठवणच राहिली नाही. चौथ्या आठवड्यात ती मला रस्त्यात भेटली आणि म्हणाली, "तुमी आता घोर लावून घेऊ नका गुरुजी, पेठेतल्या तालमीच्या सेक्रेटरींनी गाडी काढली, बेळगावला दाखवून आणलं." ऑपरेशनच्या वेळी त्यांची माणसं दवाखान्यात आळीपाळीनं बसली, हेही तिनंच सांगितलं. त्यात तक्रार नव्हती. मला बरं वाटावं म्हणून ती सांगत होती. मी ते गल्लीत कुणाला बोललो नाही.

मग यंदा हंगामाच्या तोंडावर बातमी आली की तो पेठेच्या संघात गेला.

गल्लीनं जे केलं ते सांगायला नको वाटतं, पण सांगतो. त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात अजून होता, तो ब्लेडनं फाडला. त्याच्या नंबरची जर्सी तालमीसमोर जाळली. चहावाल्यानं गल्ल्याच्या वर लावलेला त्याचा फोटो काढून उलटा ठेवला. सलूनवाल्यानं जाहीर केलं की याच्या केसाला इथून पुढं माझी कात्री लागणार नाही. गद्दार हा शब्द त्या दोन दिवसांत इतक्यांदा कानावर आला की लहान मुलंही गोट्या खेळताना एकमेकांना गद्दार म्हणायला लागली. आणि या सगळ्यांत माझा राग मोठा होता. मी कट्ट्यावर बसून बोलत होतो की याला आम्ही लहानाचा मोठा केला, याला काय कमी केलं आम्ही? मी विचारत होतो आणि पोरं माना डोलावत होती. काय कमी केलं ते त्या कट्ट्यावर फक्त मला माहीत होतं. म्हणूनच माझा आवाज एवढा चढलेला होता, हे आज कळतं.

"गुरुजी, फळ्यावर आलं पायजे," एकजण म्हणाला.

"काय लिहू?"

"मेला म्हणून लिवा. आमच्या लेखी मेलाच की त्यो."

पोरं हसली. मी हसलो. आणि उठून खडू घेतला. कुणी माझा हात धरला नव्हता. वर मधोमध 'दुःखद निधन' लिहिलं, खाली त्याचं पूर्ण नाव, आडनावासकट, आणि मग 'आपल्या तालमीचे लाडके फॉरवर्ड यांचे आज सकाळी निधन झाले.' नेहमी मयताच्या बातमीला करतो तशी चारी बाजूंनी दुहेरी रेघ ओढली. अक्षर सुरेख आलं होतं. जरा लांब जाऊन मी ते बघितलंसुद्धा. माती किती वाजता, ही ओळ मी मुद्दामच लिहिली नाही. आमच्याकडं मयताची बातमी वेळेशिवाय कधी लागत नाही, कारण त्यावर लोक कामं टाकून येतात. वेळ नाही म्हणजे गंमत आहे हे शेंबड्या पोरालाही कळेल, असा माझा हिशोब होता. पोरांनी फोटो काढले, स्टेटसला लावले. मी चहा मागवला.

त्याची आई या रस्त्यानं येणार, हे माझ्या डोक्यात आलंच नाही असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. पण ती रोज त्याच सुमाराला येते हे मला माहीत होतं.

ती आली तेव्हा ऊन उतरलं होतं. बुट्टी कमरेवर होती. फळ्यावर लांबूनच तिला मुलाचं नाव दिसलं असणार, कारण ते तिच्या ओळखीचं होतं, आणि ती हसली. ते हसू मी बघितलं. पेठेत गेला तरी गुरुजींनी नाव लिहिलं, असंच काहीतरी तिला वाटलं असेल. मग सवयीप्रमाणं ती वरच्या ओळीपासून वाचायला लागली. बोट हवेत वर गेलं. मी उठायला पाहिजे होतं. कट्ट्यापासून फळा दहा पावलांवर आहे. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत होती, माझ्या हातात गरम कप होता, आणि माझ्या मनात, खोटं कशाला बोलू, असंही आलं की कळू दे हिलाही. तिला एकेक अक्षर लावायला किती वेळ लागतो ते माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तेवढ्या वेळात मी दोनदा जाऊन आलो असतो. मी घोट घेतला.

ती खाली कोसळली नाही, ओरडली नाही. शेवटच्या ओळीपर्यंत गेली, आणि तिच्या खालची मोकळी जागाही तिनं बोटानं चाचपली. मग बुट्टी तशीच कमरेवर धरून माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"गुरुजी," ती म्हणाली, "माती कवा हाय? तेवढं लिवलं न्हाईसा."

ढोसाढोसी करणारी पोरं उठून उभी राहिली.

"सकाळी चांगला जेवून गेलता," ती म्हणाली. "पोरांनी लिवलं असतं तर मी मानलं नसतं. अक्षर तुमचं हाय म्हणून इचारते."

मी म्हणालो, "अहो, तसं काही नाही. पोरांनी गंमत केली." अक्षर तुमचं आहे, असं तिनं तोंडावर सांगितल्यानंतर मी हे म्हणालो. बायको म्हणते माणूस घाबरला की तोंडाला येईल ते बोलतो. असेल. पण जिला मी अक्षरं ओळखायला शिकवलं, त्याच बाईला मी माझं अक्षर नाकारलं.

तिच्याकडं तेव्हा फोन नव्हता. एका पोरानं आपल्या फोनवरून त्याला लावून दिला. त्याचा 'हॅलो, हॅलो' असा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. तिनं दोनतीनदा त्याचा आवाज ऐकला, फोन पोराच्या हातात दिला आणि बुट्टी सावरून घराकडं गेली. मी फळा हातानंच पुसला. डस्टर शेजारीच होतं.

तो संध्याकाळी आला. हातात आमच्या संघाची जर्सी होती, धुऊन इस्त्री केलेली. कट्ट्यावर ठेवली. गुडघा अजून थोडा आखडत होता. पोरांपैकी कुणाकडंही त्यानं बघितलं नाही.

"गुरुजी, शिव्या घालायच्या हुत्या तर मला घालायच्या," तो म्हणाला. "तिला काय कळतंय फुटबॉलमधलं? तिला फकस्त माझं नाव वाचता येतंय."

तो गेला. दुसऱ्याच दिवशी त्यानं आईला फोन घेऊन दिला, असं कळलं. आणि ती फळ्यावरून यायची बंद झाली. मागच्या बोळानं, गटार ओलांडून, बुट्टी सांभाळत जायला लागली. ते मला माझ्या गच्चीवरून दिसायचं. माफी मागायला मी तीनदा तिच्या दाराच्या वळणापर्यंत गेलो आणि तीनदा परत आलो. जाऊन बोलायचं काय? बेळगावच्या रविवारांपासून सुरुवात करावी लागली असती. तिनं पुन्हा एकदा बोट हवेत धरून फळ्यापुढं उभं राहावं, एवढंच मला हवं होतं. ते माझ्याच समाधानासाठी हवं होतं, हेही मला कळत होतं.

यंदा फायनल आमच्यात आणि पेठेतच झाली. तो मैदानात उतरला तसं आमच्या बाजूनं जे सुरू झालं ते ऐकवत नव्हतं. चेंडू त्याच्या पायात आला की शिट्ट्या आणि आईवरून शिव्या. मी कट्ट्यावर बसलो होतो तसाच बसून होतो. शेवटची दहा मिनिटं उरली असताना त्यानं डाव्या पायानं, ज्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं त्याच पायानं, आमच्या जाळ्यात गोल मारला. पेठेची पोरं त्याच्या अंगावर पडायला धावली. तो नाचला नाही, हात वर केले नाहीत, मान खाली घालून मधल्या रेषेकडं चालत गेला. आम्ही एका गोलनं हरलो.

आमच्या फळ्याची पद्धत आहे. हरलो तरी निकाल लागतो आणि गोल कुणी मारला त्याचं नाव लागतं, मग तो कुठल्याही तालमीचा असो. पोरं म्हणाली, निकाल लिवा, नाव नको. मी पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडलो. मग त्याचं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, आणि पुढं 'विजयी गोल'. या खेपेला लांब जाऊन अक्षर बघितलं नाही.

तिथून मी थेट तिच्या घरी गेलो, वळणावर न थांबता. ती उंबऱ्यात बसून विड्या वळत होती, सूप मांडीवर होतं. "या गुरुजी," म्हणाली आणि पाट सरकवला. मी बसलो नाही. उभ्याउभ्या सगळं सांगितलं. ते मी लिहिलं होतं, पोरांनी नाही. ती वाचत असताना मी बघत बसलो होतो. रविवारचंही सांगितलं. ती पानावर तंबाखू पसरत ऐकत होती.

"जाऊ द्या वो," ती म्हणाली. "झालं ते झालं. मी काय मनात धरलं न्हाय."

आणि खरंच धरलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

"आज फळ्यावर त्याचं नाव आलंय," मी म्हणालो. "फायनलचा गोल त्यानं मारला. मी स्वतः लिहून आलोय."

"व्हय?" तिचा चेहरा उजळला. तिनं सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले, शेजारी ठेवलेला फोन घेतला आणि एकेक आकडा बघत नंबर लावला. त्यात राग नव्हता की टोमणा नव्हता. आता तिची ती सवयच झालेली होती.

"गोल मारलास व्हय रं?" तिनं विचारलं. "न्हाय, फळ्यावर आलंय म्हणत्यात. म्हटलं, आदी तुला इचारावं."

पलीकडून तो काहीतरी बोलला. ती हसली, फोन ठेवला आणि माझ्याकडं वळून मलाच धीर दिल्यासारखं म्हणाली, "खरं हाय म्हणतोय, गुरुजी."